रुग्णालयाच्या वेबसाइटवरचं ॲक्सेसिबिलिटीचं गोल बटण: आजार म्हशीला, औषध पखालीला

तालुक्याचं तीस-पन्नास खाटांचं रुग्णालय असो की शहरातलं धर्मादाय ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल, त्यांच्या वेबसाइटच्या कोपऱ्यात हल्ली एक निळं गोल बटण दिसायला लागलंय. आत हात पसरलेला माणूस, नाहीतर व्हीलचेअर. दाबलं की पट्टी उघडते: अक्षरं मोठी करा, काळ्यावर पिवळं करा, अक्षरांत अंतर वाढवा, डिस्लेक्सिया फॉन्ट, मोठा कर्सर, हलती चित्रं बंद, मोठ्याने वाचा. वर ‘अंध’, ‘अपस्मार’, ‘एडीएचडी’ अशा तयार प्रोफाइल. विकणारा सांगतो, कोडची एक ओळ टाका, साइट दिव्यांगस्नेही झाली आणि कायद्याची कटकटही मिटली.

फुकटच्या वर्डप्रेस प्लगइनपासून डॉलरमध्ये वर्गणी घेणाऱ्या परदेशी सेवांपर्यंत याचे बरेच प्रकार आहेत. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, सगळ्या जातकुळीचं आहे. कसोटी मात्र एकच लावली आहे: रुग्णालयाच्या साइटवर माणूस ज्या कामासाठी येतो ते काम होतं का? ओपीडीची वेळ बघणं, अपॉइंटमेंट घेणं, रिपोर्ट उतरवून घेणं, इमर्जन्सीचा नंबर मिळवणं.

पाचपैकी दीड. तो दीडही कशासाठी दिला ते खाली येईलच.

आधी हे चालतं कसं ते बघू. साइटचा मूळ कोड जसाच्या तसा राहतो. पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर बाहेरच्या सर्व्हरवरून एक स्क्रिप्ट येते आणि दिसणाऱ्या पानावर वरून बदल करते. रंग, आकार, अंतर या गोष्टी वरून बदलता येतात. पण पानात जी माहिती मुळातच नाही, ती स्क्रिप्ट आणणार कुठून? ओपीडीचं वेळापत्रक डिझायनरने जेपीजी पोस्टर म्हणून चढवलेलं असेल, तर अंध माणसासाठी तिथे फक्त ‘ग्राफिक’ आहे. अशा बटणामागच्या साधनाला विजेट म्हणतात; काही महागड्या विजेटमध्ये चित्राचं वर्णन आपोआप तयार होतं. ते फार तर ‘मजकूर असलेला तक्ता’ एवढ्यावर येऊन थांबतं. हाडांचे डॉक्टर मंगळवारी किती वाजता बसतात हे त्याला विचारू नका. आणि त्याने अंदाजाने वेळ वाचलीच, तर ती चुकीची असण्याची भीती जास्त वाईट.

अपॉइंटमेंटचा फॉर्म

खरी परीक्षा इथे होते, म्हणून इथे जरा थांबू. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) सुरू करा, माउस बाजूला ठेवा आणि टॅबची कळ दाबत फॉर्ममध्ये शिरा. नेहमी आढळणारा फॉर्म असा बोलतो: ‘एडिट, ब्लँक’. पुन्हा टॅब: ‘एडिट, ब्लँक’. तिसऱ्यांदा तेच. डोळ्यांना शेजारी ‘नाव’, ‘वय’, ‘मोबाइल’ छान दिसतं, पण ती अक्षरं नुसत्या डिव्हमध्ये (कोडमधल्या साध्या चौकटीत) आहेत, रकान्याशी बांधलेली नाहीत. दुरुस्ती अगदी साधी: अक्षरं लेबल टॅगमध्ये घ्यायची, लेबलच्या ‘फॉर’मध्ये रकान्याचा आयडी द्यायचा. चार रकाने, चार ओळी. विजेट इथे शेजारच्या मजकुरावरून अंदाज बांधतं आणि कधी बरोबरही ठरतं. पण रकाने दोन स्तंभांत मांडले असतील तर ‘वय’च्या जागी ‘मोबाइल’ म्हणण्याचा धोका उरतोच. काही जण लेबलच न देता रकान्याच्या आत फिकट अक्षरांत प्लेसहोल्डर ठेवतात. तो स्क्रीन रीडर बऱ्याचदा वाचतो, पण पहिलं अक्षर टाइप केलं की तो सगळ्यांसाठीच गायब होतो. स्मरणशक्ती उताराला लागलेल्या माणसाने मग काय करायचं?

त्यानंतर तारीख. सुंदर कॅलेंडर उघडतं, त्यातले आकडे म्हणजे क्लिक होणारे डिव्ह. टॅब त्यांच्यावर थांबतच नाही. हात थरथरतो म्हणून कीबोर्ड वापरणारा माणूस इथेच अडकतो, आणि कुठल्याही प्रोफाइलने त्याची सुटका होत नाही. साधा डेट प्रकारचा इनपुट ठेवला तर फोनचं स्वतःचं कॅलेंडर उघडतं, ते अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरबरोबरही चालतं. याहून बरा उपाय म्हणजे डॉक्टर ज्या दिवशी असतात तेवढ्याच पुढच्या सात-आठ तारखांची यादी देणं. बाह्यरुग्ण विभागाला वर्षभराचं कॅलेंडर लागतं कशाला?

वेळेच्या चौकटी हिरव्या म्हणजे रिकाम्या, लाल म्हणजे भरलेल्या. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला दोन्ही सारख्याच, आणि स्क्रीन रीडरला दोन्ही नुसत्या ‘10:30’. चौकटी रेडिओ बटणं करा, भरलेली वेळ डिसेबल करून शेजारी ‘भरलं’ असं लिहा. चूक झाली की रकान्याला लाल कड आणि बाकी काहीच नाही, हेही सर्रास दिसतं. रकान्याखाली शब्दांत लिहायचं, ‘मोबाइल क्रमांक 10 अंकी हवा’. ते वाक्य कोडमधल्या एरिया-डिस्क्राइब्डबाय या खुणेने रकान्याला जोडायचं. आणि सबमिट दाबल्यावर फोकस (कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्यायचा. अपॉइंटमेंट पक्की झाल्याचा संदेश रोल ‘स्टेटस’ असलेल्या चौकटीत हवा, नाहीतर पानावर हिरवी पट्टी येऊन जाते आणि अंध माणूस पुन्हा सबमिट दाबतो. एकाच नावावर दोन नोंदी होण्याचं हे एक नेहमीचं कारण, आणि रिसेप्शनला वाटतं पेशंट गोंधळलाय.

शेवटी कॅप्चा आणि ओटीपी. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा दवाखान्याच्या फॉर्मवर कशासाठी असतो हे कळत नाही, कारण मागोमाग ओटीपी येतोच. कॅप्चा काढा, फॉर्ममध्ये एक लपवलेला रिकामा रकाना ठेवा (बॉट तो भरतात, माणसं नाही) आणि एका नंबरवरून तासाला किती विनंत्या घ्यायच्या याची मर्यादा सर्व्हरवर घाला. ओटीपीसाठी सहा सुट्या चौकटींऐवजी एकच रकाना द्या आणि त्याला ‘वन-टाइम-कोड’चं ऑटोकम्प्लीट लावा, फोन आकडे स्वतः भरायला सुचवतो. तीस सेकंदांत ओटीपी बाद करणं तर अन्यायच. स्क्रीन रीडरवर मेसेजमध्ये जाऊन, आकडे ऐकून परत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा नियम सांगतो की वेळ संपण्याआधी सूचना द्यावी, साध्या कृतीने वेळ वाढवायला किमान 20 सेकंद द्यावेत आणि निदान दहा वेळा वाढवू द्यावी. सुरक्षेसाठी ओटीपीची मुदत ठेवायचीच तर पाच-दहा मिनिटं ठेवा, आणि नवा मागवताना आधी भरलेला फॉर्म पुसू नका.

यातलं एकही काम कोपऱ्यातलं बटण भरवशाने करत नाही. उलट फोनवर ते बटण आणि व्हॉट्सॲपचं हिरवं वर्तुळ दोन्ही ‘पुढे’ या बटणावर चढून बसतात. 400 टक्के झूम केल्यावर तर अर्धा पडदा यांचाच. अल्पदृष्टीचा माणूस नेमक्या याच झूमवर वाचत असतो.

मराठीत आणखी बिघडतं

ही विजेटं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत. ‘अक्षरांत अंतर’ दाबून बघा: देवनागरीची शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर टोपी हरवल्यासारखं सुटं उभं राहतं. वाचायला सोपं जावं म्हणून दिलेली सोय वाचणंच अवघड करते. ज्या लिपीत असं अंतर वापरत नाहीत तिला डब्ल्यूसीएजीच्या नियमातही मोकळीक आहे; विजेटला तिचा पत्ता नाही. डिस्लेक्सिया फॉन्टमध्ये सहसा देवनागरीची अक्षरंच नसतात. बटण दाबल्यावर इंग्रजी शब्द बदलतात, मराठी मजकूर होता तसाच राहतो किंवा फोनच्या डिफॉल्ट फॉन्टवर घसरतो. आणि ‘अक्षरं मोठी’ केली की पिक्सेलमध्ये ठरावीक उंची दिलेल्या बटणांत वरचा रफार आणि खालचे उकार कापले जातात. ‘पूर्वतपासणी’ या शब्दाची दोन्ही टोकं गेली की काय उरतं ते करून बघा. उंची पिक्सेलमध्ये बांधू नका, वर-खाली पॅडिंग द्या, ओळीची उंची 1.6च्या आसपास ठेवा. मग ब्राउझरचा कंट्रोल-प्लस झूमच पुरतो, विजेटचं मोठं-लहान लागत नाही.

‘मोठ्याने वाचा’ची गंमत वेगळीच. ते उपकरणातला आवाज वापरतं. मराठी आवाज बसवलेला नसेल तर मराठी मजकूर हिंदी आवाजात येतो किंवा काहीच ऐकू येत नाही. त्याच्या मुळाशी बऱ्याचदा एक क्षुल्लक चूक असते: परदेशी टेम्प्लेट उचलल्यामुळे एचटीएमएल टॅगचं लँग (पानाची भाषा सांगणारी नोंद) ‘ईएन’ राहिलेलं असतं आणि पान मराठी. स्क्रीन रीडर मग इंग्रजी आवाज लावतो. तो आवाज देवनागरी गाळतो किंवा अक्षराअक्षराने चाचपडतो. लँग ‘एमआर’ करा, मधल्या इंग्रजी परिच्छेदांना वेगळं ‘ईएन’ द्या. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडलं की, थीम नीट लिहिलेली असेल तर, हे आपोआप होतं. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आहे, पण उच्चार समजतात. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज बराच सुसह्य.

सगळ्यात मोठी खोच पीडीएफमध्ये आहे. योजनांची माहिती, दरपत्रक, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांचे अर्ज, ऑपरेशनआधीच्या सूचना: हे सगळं पीडीएफ. त्यातलं बरंचसं जुन्या कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत; स्क्रीन रीडर तीच वाचतो. उरलेलं बरंचसं म्हणजे शिक्का मारून स्कॅन केलेले कागद, त्यात मजकूरच नाही. विजेट पीडीएफच्या आत शिरत नाही. उपाय: मजकूर युनिकोडमध्ये घ्या, वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या, सेव्ह ॲज पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज’ची खूण ठेवा. प्रिंट टू पीडीएफ वापरू नका, त्यात टॅग गळून पडतात. आणि जे पानावरच लिहिता येतं त्याची पीडीएफ करूच नका. दर पत्रकासारखी बदलती गोष्ट तर पानावरच बरी.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टलाही हेच लागू. छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करून पाठवण्याऐवजी लॅबच्या सॉफ्टवेअरमधूनच थेट पीडीएफ जाऊ द्या. सामान्य मर्यादेबाहेर गेलेली किंमत नुसती लाल किंवा ठळक न करता शेजारी ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असं लिहा.

‘कायद्याची कटकट मिटते’ हा दावा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. त्याचं कलम 25 सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य याबद्दल बोलतं. कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंड आहे. भारतीय मानक आयएस 17802 आणि सरकारी साइटसाठीची जीआयजीडब्ल्यू 3.0 ही मार्गदर्शक तत्त्वं डब्ल्यूसीएजीच्या एए (मधल्या) पातळीचा आधार घेतात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा नकोत, बंधनकारक हवेत असं सांगितलं, आणि एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवांपर्यंतची पोच घटनेच्या कलम 21 शी जोडली. बटण बसवलं म्हणजे हे सगळं पार पडलं, असं यात कुठेही नाही.

अमेरिकेतला अनुभव बोलका आहे. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲक्सेसिबी या विजेट कंपनीवर कारवाई जाहीर केली. कुठलीही वेबसाइट आपोआप डब्ल्यूसीएजीनुसार होते हा दावा फसवा आहे, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने 10 लाख डॉलर भरण्याची तडजोड मान्य केली. त्याआधी 2021 मध्ये वेबएम या संस्थेने या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारलं, तेव्हा 67 टक्के लोकांनी अशी साधनं फारशी किंवा अजिबात परिणामकारक नाहीत असं सांगितलं. त्यातल्या दिव्यांग उत्तरदात्यांत हे प्रमाण 72 टक्के होतं.

रुग्णालयाने आणखी एक बघावं. ज्या पानावर पेशंट आजाराचं नाव, वय, मोबाइल लिहितो, त्याच पानावर ही परकी स्क्रिप्ट चालते, आणि ‘अंध’ किंवा ‘अपस्मार’ प्रोफाइल निवडणं ही स्वतःच आरोग्याची माहिती आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यानंतर ही माहिती कुठे जाते हे विक्रेत्याकडून लेखी घ्यायला हवं.

मग दीड गुण कशाचे?

हलती चित्रं थांबवण्याचं बटण चालतं, आणि मुखपृष्ठावर धावणारे स्लायडर असतील तर चक्कर येणाऱ्यांना त्याने खरंच बरं वाटतं. (स्लायडरच काढला तर आणखी बरं, कुणी वाचत नाही.) ज्येष्ठांना ब्राउझरचा झूम माहीत नसतो, त्यांना ‘अक्षरं मोठी’ सापडतं. पण जन्मापासून अंध असलेला माणूस आपला स्क्रीन रीडर घेऊनच साइटवर येतो. त्याला या बटणाची गरज नसते. उलट प्रोफाइल आपोआप सुरू झालं तर एकेक गोष्ट दोनदा ऐकू येते.

वर्गणीचे पैसे दुरुस्तीकडे वळवायचे तर क्रम असा ठेवा. आधी फॉर्म, कारण तिथेच लोक परत फिरतात. जाणत्या डेव्हलपरचं दोन-तीन दिवसांचं काम. मग ओपीडीचा तक्ता: चित्र काढून खरं एचटीएमएल टेबल, वरच्या रांगेत आणि डावीकडच्या स्तंभात टीएच (शीर्षकाचा टॅग), त्यांना स्कोप. मग फोन नंबर मजकुरात आणि दाबताच फोन लागेल अशा टेल लिंकसह, बॅनरच्या चित्रात नाही. मग अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला काँट्रास्ट: पांढऱ्यावर #999999 करडा 2.85:1 भरतो, नियम 4.5:1 मागतो, #767676 घेतला तर 4.54:1, म्हणजे काठावर पास. व्हॉट्सॲपच्या हिरव्यावर पांढरी अक्षरं जेमतेम 2:1, तिथे अक्षरं काळी करा. बोटाने दाबायची जागा डब्ल्यूसीएजी 2.2 प्रमाणे किमान 24 बाय 24 पिक्सेल. दवाखान्यात 44 ठेवलेली बरी.

कर्णबधिरांना सगळेच विसरतात. ‘आमचे प्रतिनिधी फोन करून वेळ पक्की करतील’ हे वाक्य फॉर्मखाली असेल तर त्यांच्यासाठी फॉर्म संपला. एसएमएस किंवा व्हॉट्सॲपने पक्कं करण्याचा पर्याय द्या, फॉर्ममध्येच ‘संपर्क कसा करू?’ विचारा, आणि डॉक्टरांच्या व्हिडिओंना मराठी उपशीर्षकं द्या. यूट्यूबच्या आपोआप आलेल्या उपशीर्षकांतली औषधांची नावं एकदा डोळ्याखालून घाला. शिवाय एक पान इमारतीबद्दल हवं: रॅम्प कुठल्या गेटने, लिफ्टच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये, व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर, आधी फोन केला तर गाडीपाशी कोण येतं. व्हीलचेअरवरचा माणूस साइटवर सर्वात आधी हेच शोधतो.

तपासणीसाठी ॲक्स, वेव्ह किंवा लाइटहाउस हे आपोआप तपासणारं एखादं साधन चालवा, पण लाइटहाउसचे 100 म्हणजे साइट वापरता येते असं समजू नका. चित्राला वर्णन ‘इमेज1’ असलं तरी ते पास करतं. तपासणीचा खरा भाग हातानेच: टॅबने फॉर्म पूर्ण भरा, फोकस कुठे आहे ते प्रत्येक टप्प्यावर दिसतंय ना बघा. एनव्हीडीएमध्ये एच दाबून शीर्षकांवरून, एफ दाबून रकान्यांवरून फिरा, इन्सर्ट-एफ7 ने लिंकची यादी काढा. तिथे ‘येथे क्लिक करा’ आठ वेळा आलं तर ते बदला. आवाजाचा वेग झेपत नसेल तर इन्सर्ट-एन, टूल्स, स्पीच व्ह्यूअर: बोललेलं सगळं अक्षरांत दिसतं, बैठकीत दाखवायलाही उपयोगी. फोनवर दोन्ही व्हॉल्यूमच्या कळा एकत्र धरून टॉकबॅक लावा आणि हाच फॉर्म पुन्हा भरा. शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला मानधन देऊन बसवा. फुकटात ‘जरा बघून सांगा’ नको.

वर्षाची वर्गणी आधीच भरली असेल तर मुदत संपेपर्यंत सेटिंगमध्ये आपोआप दुरुस्ती, सगळ्या प्रोफाइल, अक्षरांतलं अंतर आणि डिस्लेक्सिया फॉन्ट बंद करा; हलती चित्रं थांबवणं आणि अक्षरं मोठी करणं एवढंच ठेवा. बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात हलवा आणि फॉर्मच्या पानावर ते दिसणार नाही असं करा. काढताना प्लगइन नुसतं डिॲक्टिव्हेट न करता डिलीट करा, आणि थीमच्या हेडरमध्ये कुणी स्क्रिप्टची ओळ हाताने चिकटवली होती का ते शोधा. प्लगइन गेलं तरी ती तिथेच राहते, आणि कॅशे रिकामी होईपर्यंत बटणही दिसत राहतं.